विमानाचे पॉइंट कार्डातून येतात की दुकानातून? इंदूरकरांसाठी सविस्तर हिशेब

इंदूरच्या मराठी घरांचा विमानप्रवास बहुतेक ठरलेला असतो. लेक पुण्यात नाहीतर मुलगा बंगळुरूत. वर्षाकाठी दोन-तीन फेऱ्या, आणि दिवाळीत नाहीतर लग्नसराईत तिकिटाचा आकडा बघून डोळे पांढरे व्हायची वेळ. एखाद्या घरातलं कुणी सिंगापूर नाहीतर मेलबर्नला. मग कधीतरी विषय निघतोच, की अमका पॉइंटांवर जाऊन आला, आपणच कसे मागे? त्यावर दोन रस्ते दिसतात. एक बँकेचं क्रेडिट कार्ड. दुसरा मॉलमधल्या काउंटरवरचा, "मॅम, मेंबरशिप है? मोबाइल नंबर बताइए."

निकाल आधीच सांगून टाकते. आपल्याकडे दुकानाचे पॉइंट जवळजवळ सगळे दुकानातच परत जिरतात. विमानापर्यंत पोचतात ते कार्डाचे. पण कार्डाचे पॉइंटही थोड्याच घरांना परवडतात. बाकीच्यांनी साधं कॅशबॅक घ्यावं आणि तिकीट रोखीनं काढावं. आपलं घर कुठल्या गटात बसतं, हे कागदावर मांडायला एक संध्याकाळ पुरते. ती मांडणी कशी करायची, ते पुढे सांगते.

१. आधी तिकीट ठरवा, कार्ड नंतर

बहुतेक जण उलटं करतात. बँकेचा माणूस फोन करतो, "लाइफटाइम फ्री" म्हणतो, कार्ड घरी येतं, आणि दोन वर्षांनी प्रश्न पडतो की साठलेल्या पॉइंटांचं करायचं काय. मग त्याचं मिक्सर येतं.

म्हणून कागदाच्या वर आधी लिहा: कुठे जायचं, कितीजणांनी, साधारण कधी. इंदूरहून देशातल्या देशात उडायचं तर बहुतेक वेळा इंडिगोच हाती लागते. तिची ब्लूचिप नावाची पॉइंट योजना २०२४ मध्ये आली. त्याआधी इंडिगोच्या नावाचं कार्ड नसेल, तर कितीही उडलात तरी पॉइंटांच्या नावानं शंखच होता. एअर इंडियाचं विमान दिल्ली-मुंबईला मिळतं. तिच्या जुन्या 'फ्लाइंग रिटर्न्स'चं नाव २०२५ पासून 'महाराजा क्लब' झालं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंटही इथेच आले.

लेक पुण्यात असेल तर तुमच्या कामाची गोष्ट ब्लूचिप. महाराजा क्लबचे पॉइंट घेऊन पुण्याला जायचं तर मुंबई नाहीतर दिल्लीचा वळसा, आणि तो घालण्यात काही हशील नाही. परदेशी जायचं तर पारडं उलटं झुकतं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. सिंगापूर एअरलाइन्सही त्याच गटातली, त्यामुळे एकीचे पॉइंट दुसरीच्या विमानात वापरता येतात.

आणि तिसरा प्रकार, जो कुणी कबूल करत नाही. तुम्ही एरवी मुंबईला अवंतिका एक्स्प्रेसनं जाता. पुण्याला दौंड गाडी नाहीतर रात्रीची स्लीपर बस. असं असेल तर पॉइंटांवर मिळालेलं सहा हजारांचं विमानाचं तिकीट म्हणजे तुमची सहा हजारांची बचत नव्हे. वाचले ते रेल्वेच्या भाड्याचे पैसे, वर थोडा आराम. हिशेबात तोच आकडा धरा.

याच पायरीवर एक फुकटचं काम उरकून घ्या. घरात जो जो विमानात बसतो, त्याचं ब्लूचिप आणि महाराजा क्लबचं खातं उघडा. पैसे पडत नाहीत. कार्ड असो-नसो, तिकिटाचे पॉइंट यात जमा होतात, आणि तिकिटाचे पैसे कुणीही भरले तरी ते साधारणपणे प्रवास करणाऱ्याच्याच नावावर पडतात. इंदुरात अजूनही कितीतरी घरं ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाकडून तिकीट काढतात. तो स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून मोकळा होतो, आणि तुमचा सदस्य क्रमांक कुठेच लागत नाही. त्याला क्रमांक आधी द्या, आणि तिकीट हाती आल्यावर त्यावर छापलाय का ते बघा.

२. दुकानाचे पॉइंट: चांगले आहेत, पण उडत नाहीत

रिलायन्स वन, शॉपर्स स्टॉपचं फर्स्ट सिटिझन, टाटांचं न्यूपास या सगळ्या योजनांचा गाभा एकच: आज घ्या आणि पुढच्या वेळी पुन्हा इथेच या. टाटा न्यू हे त्यांचं ॲप २०२२ मध्ये आलं. त्यातलं एक न्यूकॉइन म्हणजे सरळ एक रुपया, आणि ते वेस्टसाइड, क्रोमा, बिगबास्केट अशा टाटांच्याच दुकानांत चालतं. माझ्या मते हा सगळ्यांत प्रामाणिक प्रकार, कारण किंमत लपलेली नाही. डीमार्टात तर सदस्यत्वाची भानगडच नाही. जे द्यायचं ते भावातच.

परदेशात चित्र वेगळं आहे, आणि गैरसमज तिथूनच येतो. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स या किराणा साखळीच्या एव्हरीडे रिवॉर्ड्समध्ये २००० पॉइंटांचे क्वांटास या विमान कंपनीचे १००० पॉइंट होतात. ब्रिटनमधल्या नेक्टर योजनेचे पॉइंट ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओस नावाच्या पॉइंटांमध्ये बदलता येतात. मेलबर्नची सूनबाई फोनवर म्हणते, "आई, मी भाजी आणते त्यावर विमानाचे पॉइंट मिळतात," ते खरंच असतं. पण तो नियम तिथला. इथे राजवाड्यावरून नाहीतर फिनिक्समधून काहीही घ्या, दुकानाच्या ॲपमध्ये "विमान कंपनीकडे पाठवा" असं बटण बहुधा सापडत नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न झाला नाही असं नाही. पेबॅक हे कार्ड कितीतरी लोकांच्या पाकिटात होतं. अनेक दुकानं आणि एकच पॉइंट. २०२१ मध्ये भारतपेनं ती कंपनी घेतली आणि पुढे नावच बदललं. दुकानाच्या पॉइंटांना मालमत्ता समजू नये, हे यावरून घ्या. सहा महिने-वर्षात वापरून टाका.

म्हणजे दुकानाचं सदस्यत्व नकोच का? घ्या की. फुकट आहे. फक्त कागदावर ते 'सवलत' या रकान्यात लिहा, 'विमान' या रकान्यात नको. आणि पॉइंट मिळतात म्हणून तिसरा कुर्ता घेऊ नका. दुकानाचा सगळा खटाटोप त्या तिसऱ्या कुर्त्यासाठीच असतो.

३. कार्डांचे दोन घराणे

विमानाचे पॉइंट देणारी कार्डं दोन प्रकारची. पहिलं, विमान कंपनीच्या नावाचं, म्हणजे को-ब्रँडेड कार्ड. खर्च केला की पॉइंट थेट त्या कंपनीच्या खात्यात. सोपं, पण एकाच खुंटीला बांधलेलं. विस्ताराच्या नावाची कार्डं बऱ्याच बँकांनी काढली होती. विस्ताराच उरली नाही, तेव्हा कार्डंही गुंडाळावी लागली. त्याहून जुनी आठवण जेट एअरवेजची. एप्रिल २०१९ मध्ये तिची विमानं जमिनीवर आली. तिच्या जेटप्रिव्हिलेज योजनेचे मैल, म्हणजे पॉइंटच, बुडाले नाहीत, योजना इंटरमाइल्स नावानं चालू राहिली. पण ज्या विमानासाठी साठवले ते विमानच नाही म्हटल्यावर कशाचे मैल?

दुसरं घराणं बँकेच्या स्वतःच्या पॉइंटांचं. एचडीएफसी, ॲक्सिस, अमेरिकन एक्स्प्रेस यांची काही कार्डं आधी बँकेचे पॉइंट देतात, आणि तुम्हाला हवं तेव्हा ते वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे पाठवता येतात. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं: कुठे एकाला एक, कुठे दोनाला एक, तर कुठे एकाचे दोन. हा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो आणि सगळी गंमत त्यातच आहे. "१०० रुपयांना ४ पॉइंट" देणारं कार्ड दोनाला एक प्रमाणानं बदलत असेल, तर प्रत्यक्षात १०० रुपयांना २ विमान-पॉइंट.

माझं झुकतं माप दुसऱ्या घराण्याला. कारण इंदूरच्या माणसाचं विमान उद्या कुठून सुटेल आणि कुणाचं असेल, याचा भरवसा नाही. ज्यांचं पुण्या-बंगळुरूचं येणंजाणं दर दोन महिन्यांनी पक्कं, त्यांनी मात्र इंडिगोच्या नावाचं कार्ड बघायला हरकत नाही.

अमेरिकन एक्स्प्रेसबद्दल एक सूचना. मॉलमध्ये आणि ऑनलाइन ठीक आहे, पण बाजारातल्या छोट्या दुकानात त्याचं मशीन चालेलच असं नाही. ते एकटंच पाकिटात ठेवून जेल रोडला मोबाइल घ्यायला जाऊ नका.

४. वर्षाचा खर्च मांडा, आणि त्यातला खोटा खर्च खोडा

ही पायरी सगळ्यांत मोठी, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब कोसळतो. गेल्या बारा महिन्यांची बँकेची आणि यूपीआयची स्टेटमेंटं काढा. खर्चाच्या ओळी पाडा: किराणा, पेट्रोल, वीज, शाळेची फी, विमा, कपडे, सोनं, प्रवास, औषधं. आता एकेक ओळ घेऊन विचारा, यावर पॉइंट मिळणार का?

पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. फार तर एक टक्का सरचार्ज माफ करतात. घरभाडं आणि वॉलेटमध्ये पैसे भरणं बहुतेक ठिकाणी वगळलेलं. ईएमआयवर घेतलेल्या वस्तूचंही बऱ्याचदा तेच. पश्चिम क्षेत्र वीज कंपनीचं बिल आणि विमा यांवर एकतर कमी पॉइंट, नाहीतर महिन्याची मर्यादा. किराण्यालाही काही कार्डांवर अशी मर्यादा असते. महापालिकेचा मालमत्ता कर म्हणजे सरकारी देणं, तेही अनेक कार्डांच्या 'नाही'च्या यादीत. शाळेची फी बहुतेक ठिकाणी चालते, पण शाळेच्या पोर्टलवरून भरली तर. मधल्या एखाद्या ॲपवरून भरली की बँकेला ती वेगळ्याच सदरातली दिसू शकते. बँक दुकानाची पाटी बघत नाही, मशीनमागे नोंदलेला धंद्याचा कोड बघते.

ही यादी कार्डागणिक बदलते. अर्ज करण्याआधी त्या कार्डाच्या पॉइंटांच्या अटींचा कागद बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि 'एक्सक्लूजन्स' हा भाग वाचा. बाकी कागद नाही वाचला तरी चालेल.

आता बाजार. इंदूरचा खरा खर्च मॉलमध्ये नसतो. तो सीतलामाता बाजारात, एमटी क्लॉथ मार्केटमध्ये, सराफ्यात, बर्तन बाजारात असतो. लग्नाच्या साड्या घेताना काय होतं बघा. गादीवर दोन तास बसून चहा झाला, पंधरा साड्या उलगडल्या, चार पसंत पडल्या, घासाघीस होऊन अठरा हजारांवर सौदा ठरला. तुम्ही कार्ड काढलंत. आतापर्यंत "भाभीजी, घर की दुकान है" म्हणणारा शेठ मशीनकडे न बघता सांगतो, "कार्ड पे दो परसेंट अलग से लगेगा." दोन टक्के म्हणजे ३६० रुपये. १०० रुपयांना २ पॉइंट धरले तर १८,००० वर ३६० पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत ५० पैसे धरली तर १८० रुपये. म्हणजे तिनशेसाठ देऊन एकशेऐंशी घेतले. अशा ठिकाणी यूपीआय नाहीतर रोख, आणि वर जमलं तर आणखी दोनशे कमी करून घ्या. पक्कं बिल मात्र मागून घ्या.

सराफ्यात हेच जास्त कडक. सोन्यात सराफाचा नफा बारीक असतो, त्यामुळे तो कार्डाचा भुर्दंड स्वतः सोसत नाही. शिवाय दागिन्यांवर पॉइंट न देणारी कार्डंही आहेत. थोडक्यात, सोन्याची ओळ खोडून टाका.

छोट्या खर्चाला मात्र एक चांगली वाट झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या क्यूआरवरही क्रेडिट कार्डाचे पैसे जातात. अट एकच, क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा. दूधवाल्याचा स्वतःच्या नावाचा क्यूआर असेल तर व्यवहार होणारच नाही. आणि अनेक कार्डं यूपीआयवरच्या खर्चाला कमी पॉइंट देतात, तेही बघून घ्या.

हे सगळं खोडून झाल्यावर जो आकडा उरतो, तो बघून बहुतेकांना धक्का बसतो. वर्षाला नऊ लाख खर्च करणाऱ्या घराचा कार्डावर पॉइंट देणारा खर्च तीन-साडेतीन लाख निघाला, तर नवल नाही.

५. एका पॉइंटची किंमत काढा

सूत्र सोपं आहे. ज्या तिकिटावर नजर आहे त्याचा रोखीचा भाव घ्या. पॉइंटांनी काढलं तरी जे कर आणि शुल्क भरावेच लागतात, ते वजा करा. उरलेल्याला मागितलेल्या पॉइंटांनी भागा.

उदाहरण म्हणून आकडे धरू. इंदूर-पुणे तिकीट ५,२०० रुपये. त्यातले ९०० रुपये पॉइंटांवर काढलं तरी भरावे लागतात. कंपनी ८,६०० पॉइंट मागते. ५,२०० वजा ९०० म्हणजे ४,३००, भागिले ८,६००, एक पॉइंट ५० पैशांचा. कार्ड १०० रुपयांना २ पॉइंट देत असेल, तर तुम्हाला १०० रुपयांवर एक रुपया परत मिळाला. एक टक्का.

आता हा एक टक्का कशाशी ताडायचा? ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही, आणि ते बाहेरच्या बहुतेक खर्चावर एक टक्का देतं. ॲमेझॉनवर प्राइम सदस्याला पाच. टाटा न्यू इन्फिनिटी एचडीएफसी कार्ड टाटांच्या दुकानांत पाच टक्के आणि इतरत्र दीड टक्का न्यूकॉइन देतं. फी १,४९९ रुपये, पण वर्षात तीन लाख खर्च केला की माफ. म्हणजे काहीही डोकं न चालवता एक-दीड टक्का हातात पडतो. विमानाच्या पॉइंटांना जिंकायचं तर याच्या वर जायला हवं, आणि तेही फी वजा करून.

फी मोजताना जीएसटी विसरतात. २,५०० रुपये फी म्हणजे १८ टक्क्यांसकट २,९५०. चार लाख खर्चावर वरच्या दरानं तुम्हाला ८,००० पॉइंट, म्हणजे ४,००० रुपये मिळाले. त्यातून फी गेली, उरले १,०५०. फुकटच्या कॅशबॅक कार्डानं तेवढ्याच खर्चावर चार हजार दिले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

मग पॉइंट परवडतात कुणाला? जिथे एका पॉइंटची किंमत रुपयाच्या वर जाते त्यांना, आणि ती जाते बहुधा लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये. एका पॉइंटचा दीड रुपया निघाला, तर त्याच ८,००० पॉइंटांचे १२,००० होतात. फी काढूनही नऊ हजार हातात. पण थांबा, ८,००० पॉइंटांत परदेशी बिझनेसचं तिकीट येतच नाही. त्याला कितीतरी पट पॉइंट लागतात. साध्या खर्चातून तेवढे जमायला वर्षं जातात, आणि तोवर कंपनी दर वाढवून बसलेली असते.

हा डोंगर लवकर चढायला दोन शिड्या आहेत. एक, कार्ड घेतल्यावर मिळणारे स्वागत-पॉइंट. दुसरी, वर्षात अमुक खर्च केला की मिळणारे माइलस्टोन पॉइंट. म्हणून कार्ड घ्यायची खरी वेळ म्हणजे घरात मोठा, पक्का खर्च येण्याआधीचे दोन महिने: लग्नाचं हॉटेल बुकिंग, कॉलेजची फी, घरात नवा फ्रिज-एसी. केटरर आणि मांडववाला कार्ड घेतीलच असं नाही, ते आधी विचारून ठेवा. पाहुण्यांची तिकिटं आणि खोल्या मात्र कार्डावर सहज जातात. लग्न उरकल्यावर कार्ड घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

६. एका बिलावर दोन्ही

कार्ड की दुकान, हा प्रश्न एका बिलापुरता खोटा आहे. दुकानाचे पॉइंट मोबाइल नंबरावर पडतात आणि कार्डाचे मशीनवर. एकमेकांच्या आड येत नाहीत. तेव्हा मोठ्या साखळी-दुकानात नंबर सांगा आणि पैसे पॉइंटवाल्या कार्डानं द्या. सवलत या रकान्यात आली, विमान त्या रकान्यात.

याच्या वरची एक पायरी म्हणजे गिफ्ट व्हाउचर. काही बँका स्वतःच्या पोर्टलवर, उदाहरणार्थ एचडीएफसीच्या स्मार्टबायवर, दुकानांची व्हाउचरं विकतात आणि त्यावर नेहमीपेक्षा कितीतरी पट पॉइंट देतात. कपडे घ्यायचेच आहेत तर आधी व्हाउचर घ्या, मग दुकानात जा. पण महिन्याला किती पॉइंट मिळतील याची मर्यादा असते, व्हाउचरची मुदत असते, आणि काही दुकानं सेलच्या मालावर व्हाउचर घेत नाहीत. पाच हजारांचं व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडून मेलं, तर वर्षभराचे पॉइंट त्यात बुडाले समजा. लागेल तेवढंच, लागेल त्याच आठवड्यात.

७. अर्ज करताना

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याच्या सवयीला मिळणारे गुण, ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. ७५० च्या वर असला की बोलणं सोपं. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. कार्डाची मर्यादा एक लाख असेल तर महिन्याचा खर्च साधारण तीस हजारांच्या आत ठेवलेला बरा.

मराठी घरांसाठी खास सूचना नावाची. आधारवर 'प्रभाकर' मधलं नाव नाही, पासपोर्टवर आहे. बँकेत 'एस. पी.' अशी आद्याक्षरं, आणि जुन्या पासबुकावर आडनाव आधी. बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवताना दोन्हीकडचं नाव जुळावं लागतं. नाहीतर पाठवणी अडकते, आणि मग इकडून तिकडे ईमेल. म्हणून विमान कंपनीचं खातं पासपोर्टवरच्या नावानं उघडा, आणि बँकेतलं नाव आधी त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

नवरा-बायकोनं दोन वेगळी महागडी कार्डं घेण्यापेक्षा एकाचं मुख्य आणि दुसऱ्याचं ॲड-ऑन बरं. खर्च एकत्र झाला की माइलस्टोन लवकर येतो. पॉइंट मुख्य कार्डधारकाकडे जमतात, हे घरात आधीच बोलून घ्या!

न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आलंच, तर सुरू करण्यासाठी येणारा ओटीपी कुणालाही सांगू नका.

८. बिल: पूर्ण, आणि आपोआप

इथे वाद नको. ज्यांना महिन्याचं बिल पूर्ण भरता येत नाही, त्यांनी पॉइंटांचं नाव काढू नये. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. ४०,००० रुपये एक महिना मागे राहिले की १,४०० रुपये व्याज, त्यावर जीएसटी २५२. त्याच ४०,००० वरचे पॉइंट वरच्या हिशेबानं ४०० रुपयांचे. आणि 'मिनिमम ड्यू' भरून भागत नाही. बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

ऑटोपे लावा, आणि लावताना 'टोटल अमाउंट ड्यू' निवडा. बरेचदा आधीपासून खूण 'मिनिमम'वर असते.

९. पॉइंट पाठवण्याआधी सीट बघा

बँकेकडून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून क्रम असा: आधी विमान कंपनीच्या खात्यात जाऊन त्या तारखेला पॉइंटांवर सीट आहे का बघा. मग रोखीचा भाव बघून वरचं गणित त्याच दिवशी पुन्हा करा. जमलं तरच पाठवा. पाठवणी कुठे काही मिनिटांत होते, कुठे काही दिवस लागतात. तेवढ्यात सीट जाऊ शकते, म्हणून दुसरी तारीख मनात ठेवा. काही बँका पाठवणीला ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. वर्षाला किती पॉइंट पाठवता येतील यालाही काही कार्डांवर मर्यादा आहे.

दिवाळीच्या आठवड्यात पॉइंटांवर स्वस्त सीट मिळेल ही आशा धरू नका. उलट जानेवारीच्या मधल्या आठवड्यात मंगळवारी-बुधवारी रोखीचं तिकीटच इतकं खाली असतं, की तेव्हा पॉइंट खर्चणं वेडेपणा. पॉइंट खुलून दिसतात ते अचानक जावं लागतं तेव्हा. कुणी आजारी आहे, उद्याच निघायचंय, रोखीचं तिकीट तिप्पट झालंय आणि पॉइंटांचा भाव तेवढा चढलेला नाही, अशा दिवसासाठी दोन तिकिटांपुरते पॉइंट बाजूला ठेवणं मला पटतं.

त्याहून जास्त साठवू नका. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल तीन वर्षांनी मरतात. बाकीच्या कंपन्यांचे आपापले नियम आहेत, आणि मुदत असली तरी दर वाढवायला कुणालाच बंदी नाही. मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीची आठवण लावून.

१०. कार्ड बंद करणं

दर वर्षी फीचं बिल यायच्या महिनाभर आधी पाचव्या पायरीचं गणित पुन्हा करा. आकडा फीच्या खाली आला तर आधी फोन करून फी माफी मागा; खर्च बरा असेल तर पुष्कळदा मिळते. नाही मिळाली तर आधी बँकेचे पॉइंट वापरा किंवा पाठवा, कारण कार्डाबरोबर ते जातात. विमान कंपनीच्या खात्यात पोचलेल्या पॉइंटांना धक्का लागत नाही.

मग बाकी शून्य करून बंद करायची विनंती लेखी द्या, ईमेलनं किंवा ॲपमधून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेनं सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. फोनवरचा माणूस गोड बोलून "मॅम, एक साल और रख लीजिए" म्हणेल. त्याला विनंतीचा क्रमांक विचारा आणि फोन ठेवा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. दोन-एक महिन्यांनी तो काढून कार्डासमोर 'क्लोज्ड' लागलंय का, तेवढं बघून घ्या.